शब्दांचा सांधा

आपल्या घरांत कोल्हापुरी वहाणा येतात, सोलापुरी चादरी येतात, हिवाळ्यात नागपुरी संत्री येतात. परंतु ज्या गावांवरून या वस्तूंस ही नावे मिळाली, ती गावे मात्र कोल्हापूर, सोलापूर व नागपूर अशी दीर्घ ‘पू’ घेऊन बसलेली असतात. गावात दीर्घ असलेला ऊकार वहाणेत ऱ्हस्व का व्हावा, असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारले, तर घरातील वडील मंडळी बहुधा ‘नियमच तसा आहे’ एवढे सांगून मोकळी होतात. मुलगा नियम पाठ करतो, परीक्षा देतो आणि पुढे विसरतो. त्याच्या मनात मात्र एक ग्रह कायम राहतो, तो असा की, मराठीचे शुद्धलेखन म्हणजे कोणा पंडितांची लहर आहे. हा ग्रह मोठा घातक आहे. ज्या गोष्टीत युक्ती दिसत नाही ती मनुष्य फार दिवस सांभाळीत नाही. आणि आजची मुले तर दोनतीन भाषांच्या मध्ये उभी आहेत. म्हणून या ‘पू’ची हकीकत जरा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

उदाहरण आमच्याच गावाचे घेऊ. मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यात एक आहे, कोल्हापूरकडे शाहूवाडी तालुक्यात एक आहे आणि आमचे हे कराडच्या शेजारचे. नाव लिहिताना आपण पाच अक्षरे लिहितो, म, ल, का, पू आणि र. बोलताना मात्र तोंडातून तीनच तुकडे निघतात : मल्–का–पूर्. ‘ल’मधील अकार बोलण्यात लोपतो व तो ‘म’ला जाऊन चिकटतो, शेवटच्या ‘र’मधीलही अकार लोपतो व तो ‘पू’च्या पाठीशी उभा राहतो. संस्कृतात ‘अक्षर’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ हाच आहे. एक स्वर आणि त्याच्या आधाराने उच्चारली जाणारी व्यंजने मिळून एक अक्षर. मराठीत आपण लिहिलेल्या चिन्हालाच अक्षर म्हणू लागलो, त्यामुळे कान काय ऐकतो आणि डोळा काय पाहतो यांतील भेद नजरेआड झाला. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात बोलण्यातील तुकड्याला ‘उच्चारावयव’ म्हणू.

आता गंमत पाहा. ‘मलकापूर’ या शब्दातील शेवटचा उच्चारावयव ‘पूर्’ हा व्यंजनाने बंद झालेला आहे. मराठी जिभेची रीत अशी की, शब्दाच्या अखेरीस असा बंद अवयव आला म्हणजे त्यातील इकार वा उकार ती लांबविते. म्हणूनच आपण फूल, मूल, तूप, दूध, मीठ, वीट असे म्हणतो व लिहितो. पण याच शब्दापुढे स्वर आला, की शेवटचे व्यंजन त्या स्वराकडे निघून जाते आणि मागचा अवयव उघडा पडतो. मल्–का–पु–रात, मल्–का–पु–री. ‘पू’चा आधार गेला, त्याबरोबर त्याची लांबीही गेली. दूध, पण दु–धात; तूप, पण तु–पाची; मीठ, पण मि–ठाने. उलट, पुढे येणारा प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल आणि शब्दाला न मोडता लागत असेल, तर ‘पूर्’ बंदचा बंदच राहतो. म्हणून मलकापूरला, मलकापूरकर, कोल्हापूरकर, नागपूरकर यांत दीर्घ ‘पू’ आणि मलकापुरी, कोल्हापुरी, नागपुरी यांत ऱ्हस्व ‘पु’. येथे पंडितांच्या लहरीचा संबंध नाही. जिभेने आधी केले ते लेखणीने मागाहून टिपले, इतकेच.

मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांस महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांत गावाच्या नावाला लागणारे ‘पूर’ दीर्घ लिहावे असे मुद्दाम सांगितलेले आहे. मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, मुळात हा शब्द संस्कृत ‘पुर’ होय, आणि तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहावेत असाही नियम आहे. ‘अंतःपुर’, ‘त्रिपुर’ हे संस्कृतातून सबंध उचललेले समास आहेत, म्हणून त्यांत ‘पु’ ऱ्हस्वच. पण ‘मलकापूर’ संस्कृताने आपल्याला घडवून दिले नाही. ते मराठी मुखात रुळले, आणि मराठी मुखाने आपला कायदा त्याला लावला. एकच शब्द दोन घरांत दोन रीतींनी वागतो, सून माहेरी एक आणि सासरी एक वागते तसा.

येथवर प्रत्ययांचे झाले. खरा सांधा दिसतो तो समासात. ‘दूध’ला ‘आत’ लागले तर ‘दुधात’ होते. पण ‘दूध’ला ‘भात’ मिळाला तर ‘दूधभात’ होतो, ‘दुधभात’ नव्हे. तसेच मिठाची चव, पण मीठभाकर. पिठाचा डबा, पण पीठगिरणी. उसाचा रस, पण ऊसतोड. समासात पहिले पद आपली शीव राखून असते. त्याचे शेवटचे व्यंजन दुसऱ्या पदात जाऊन मिसळत नाही. दूध्–भात, मीठ्–भाकर असाच त्याचा उच्चार होतो. अर्थात काही जोड्या वापराने इतक्या घट्ट झाल्या की, त्यांतील शीवच पुसली गेली. फुलदाणी, फुलबाग हे शब्द त्यांतले असे मला वाटते. पण सामान्यतः ऱ्हस्वदीर्घ हा सांध्याचा साक्षी आहे, हे ध्यानी ठेवावे.

ही केवळ आपल्याच भाषेची खोड आहे असे कोणी समजू नये. युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याचा आणि मराठीचा एक जुना ऋणानुबंध आहे, तो आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नसतो. ग्रियर्सनसाहेबांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातील भाषांची जी प्रचंड पाहणी झाली, तिचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो तयार करणारे स्टेन कोनो (१८६७–१९४८) हे नॉर्वेचे संस्कृत पंडित होते. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटिकेची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १९०१ साली निघाली होती. अशा मनुष्यास मराठी समास परके वाटले नसतील, असे अनुमान करावयास हरकत नाही. कारण त्यांची मातृभाषा समासांनी आपल्याइतकीच गजबजलेली आहे.

त्या भाषेत मूल म्हणजे ‘बार्न’ आणि बाग म्हणजे ‘हागे’. दोहोंचा समास ‘बार्नेहागे’, म्हणजे लहान मुलांची शाळा. आपली ‘बालवाडी’ हा अगदी याच घडणीचा शब्द. पण ‘बार्न’ आणि ‘हागे’ यांच्या मध्ये जो एकार आला तो कोठून आला? तो दोन पदांना जोडणारा दुवा आहे, जुन्या षष्ठीचा अवशेष. काही समासांत हा दुवा सकाराचा असतो. काम म्हणजे ‘आर्बेइड’ व जागा म्हणजे ‘प्लास’ यांचा समास ‘आर्बेइड्सप्लास’ होतो. काही समासांत दुवा मुळीच नसतो. घोड्याला तेथे ‘हेस्ट’ म्हणतात आणि घोड्याच्या नालेला ‘हेस्टेस्कू’. शब्दशः अर्थ घोड्याचा जोडा.

आता आपल्या घोड्याकडे पाहा. ‘घोडागाडी’त घोडा सबंध आहे, ‘घोडेस्वारा’त त्याचा ‘घोडे’ झाला आहे, आणि ‘घोडदळ’, ‘घोडदौड’ यांत शेपूट तुटून नुसता ‘घोड’ उरला आहे. आंब्याचीही तीच कथा. ‘आंबापोळी’त तो सबंध, ‘आंबेमोहोर’ तांदळात एकारान्त आणि ‘आमराई’त पुरता खुडलेला. पाणी ‘पाणीपुरवठ्या’त पूर्ण आहे, ‘पाणवठा’ व ‘पाणपोई’ यांत अर्धे आहे. पहिले पद दुसऱ्यास भेटताना कधी जसेच्या तसे उभे राहते, कधी किंचित वाकते, कधी आखडून घेते. ‘हेस्टे’ आणि ‘घोडे’ यांतील एकार एकाच उगमाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. दोन भाषांनी आपापल्या वाटेने एकच सोय शोधून काढली, एवढेच यातून घ्यावयाचे.

नॉर्वेच्या लेखनात आणखी एक चमत्कारिक नियम आहे. रात्र म्हणजे ‘नात्त’ व आगगाडी म्हणजे ‘तोग’. ‘नात्त’मध्ये शेवटी दोन तकार आणि ‘तोग’मध्ये आरंभी एक, समासात तीन तकार एका ठिकाणी येतात. त्यांच्या लिपीत एकच वर्ण सलग तीनदा लिहीत नाहीत, म्हणून एक तकार गिळला जातो व शब्द ‘नात्तोग’ असा लिहितात. पण हाच शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याची वेळ आली, तर गिळलेला तकार परत द्यावा लागतो : ‘नात्त–तोग’. सांधा उघडला, की ज्याचे त्याला परत, असा हा न्याय आहे.

हा न्याय वाचून ज्यांच्या घरी वेदपठण झाले आहे त्यांस पदपाठाची आठवण होईल. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ केला तेव्हा समासातील पदे अवग्रहाने वेगळी करून दाखविली, आणि संधीत ज्या वर्णाचे रूप पालटले होते तो मूळ स्वरूपात परत आणून ठेवला. संहितेतील ‘पुरोहित’ पदपाठात ‘पुरःऽहित’ होतो. ओकारात दडलेला विसर्ग सांधा उघडताच बाहेर येतो. दोन भिन्न काळी, दोन भिन्न देशी, शब्दांची काळजी वाहणाऱ्यांना एकच गोष्ट सुचली. शब्द कोठेही तोडू नये, जेथे जोडला तेथेच उघडावा.

आपण मात्र तो कोठेही तोडतो. अरुंद स्तंभात ‘नवरात्र’ हा शब्द ओळीच्या शेवटी ‘नवरा’ आणि पुढील ओळीत ‘त्र’ असा तुटला, तर देवीच्या उत्सवाची काय शोभा होईल, हे वाचकांनीच ठरवावे. आणि तकारांविषयी म्हणाल, तर ‘महत्त्व’ हा शब्द आज बहुतेक ठिकाणी एका तकाराने लिहिलेला आढळतो. हा समास नव्हे, प्रत्ययान्त शब्द आहे. पण सांध्याचा न्याय येथेही तोच. ‘महत्’ व ‘त्व’, एक तकार याचा, एक त्याचा, म्हणून दोन. ‘तत्त्व’, ‘सत्त्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांतही दोन. पण ‘नेतृ’ अधिक ‘त्व’ म्हणजे ‘नेतृत्व’, येथे तकार पहिल्या पदाच्या शेवटी नाही, म्हणून एकच. ज्याने शब्द उघडून पाहिला त्याला हे पाठ करावे लागत नाही. मोजता आले म्हणजे झाले.

‘मंत्री’ आणि ‘मंत्रिमंडळ’ यांचेही तसेच. एकटा असताना मंत्री दीर्घ, मंडळात शिरताच ऱ्हस्व. मूळ संस्कृत शब्द ‘मन्त्रिन्’. समासात नकार गळून ‘मंत्रि’ उरतो व तोच जोडला जातो. विद्यार्थिगृह, प्राणिसंग्रहालय, योगिराज ही त्याच पंक्तीतील मंडळी. उलट ‘नदी’, ‘लक्ष्मी’ ह्या मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ व लक्ष्मीपूजन दीर्घच राहतात. आणि ‘पाणी’ हा मराठी शब्द, म्हणून पाणीपुरवठ्यात त्याला ऱ्हस्व करण्याचे कारण नाही. पहिले पद कोणत्या घरचे, एवढे विचारले की उत्तर मिळते.

सांधा कळला नाही तर केवळ लेखन बिघडते असे नाही, अर्थच उलटतो. त्वष्ट्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द तत्पुरुष मानून अन्त्य स्वर उदात्त म्हणावयाचा होता. तो आद्युदात्त म्हटला गेला आणि समास बहुव्रीही झाला. इंद्राला मारणारा असा अर्थ जाऊन, इंद्र ज्याला मारणार असा अर्थ झाला आणि वृत्र मारला गेला. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात व्याकरण का शिकावे हे सांगताना या शब्दाचा दाखला दिला आहे. राजाला ‘आपण दोघेही लोकनाथ’ असे म्हणणाऱ्या याचकाचा विनोदही समासावरच उभा आहे. राजा लोकांचा नाथ, आणि लोक ज्याचे नाथ आहेत असा तो याचक.

नॉर्वेतही असा अनर्थ रोज घडतो. समास जोडून लिहावा असा त्यांचा नियम आहे. पण इंग्रजीच्या सहवासाने पदे तोडून लिहिण्याची खोड तेथे वाढत आहे, अशी तेथील भाषाभिमान्यांची तक्रार असते. ‘रॉयकफ्रित’ असे जोडून लिहिले तर अर्थ होतो धूम्रपानास मनाई असलेली जागा. तोच शब्द तोडून ‘रॉयक फ्रित’ असा लिहिला तर अर्थ होतो, खुशाल धूम्रपान करा! बोलण्यात ही चूक होत नाही, कारण समासात प्रमुख आघात एकाच पदावर पडतो आणि तुटक शब्दांत दोन्हींवर. चूक होते ती कागदावर.

आपल्याकडे हेच दुखणे आले आहे. ग्राम पंचायत, नगर परिषद, पाणी पुरवठा, मुख्य मंत्री असे तुटके शब्द पाट्यांवर, पत्रांत आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्रास दिसतात. इंग्रजीत दोन शब्द सुटे लिहितात म्हणून आपणही सुटे लिहावे, असा हा अनुकरणाचा प्रकार. ‘पोटभर जेव’ हे आजीचे आर्जव आहे. ‘पोट भर, जेव’ ही आज्ञा आहे. ‘गावकरी’ म्हणजे गावात राहणारा. पण ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीत ‘करी’ हे क्रियापद आहे. मधल्या एका रिकाम्या जागेने नामाचे वाक्य होते. जागा सोडणे हेही लिहिणेच आहे, हे मुलांना कोणी सांगावयाचे?

ते घरानेच सांगावयाचे, असे माझे मत आहे. कराडजवळ टेंभू येथे १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा’ लिहिली आणि वाक्याचे अवयव कसे सोडवावेत हे मराठी मुलांपुढे ठेविले. तीच दृष्टी शब्दाला लावावयाची आहे, आणि तिला शाळेचा तास लागत नाही. एकत्र कुटुंबात जेवणाच्या पंगतीला चार पिढ्यांची भाषा बसलेली असते. ताटातील पुरणपोळी, मीठमिरची, दूधभात; दारावरील पाटी; लग्नाची निमंत्रणपत्रिका; यांपैकी एक शब्द रोज घ्यावा आणि मुलांस तीन प्रश्न विचारावेत. हा कोठे जोडला आहे? पहिले पद कोणत्या घरचे? जोडताना त्याचे काय गेले व काय राहिले?

मग याच खेळात एखाद्या दिवशी ज्या शब्दांचा सांधा पुरता बुजून गेला आहे तेही पुढे आणावेत. देवकुलाचे देऊळ झाले, राजकुलाचे राऊळ झाले, कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला. आणि घरातील सुनांना विचारावे, ‘माहेर’ हा शब्द मुळात समास आहे, हे ठाऊक आहे काय? ‘मातृगृह’, आईचे घर. चार अक्षरांचा तो संस्कृत शब्द शेकडो वर्षे लेकीबाळींच्या तोंडून झिजत झिजत दोन उच्चारावयवांवर येऊन ठेपला : मा–हेर. श्वशुरगृहाचे सासर त्याच वाटेने झाले. अशा रीतीने शब्द उघडून पाहण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला कोल्हापूर व कोल्हापुरी यांतील भेदासाठी नियमाचे पुस्तक काढावे लागणार नाही. तो दोन्ही शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहील आणि ‘पू’ केव्हा बंद आहे व केव्हा उघडा, हे त्याचा कानच त्याला सांगेल.